‘आप की जय’ म्हणणारी माती

दिनांक १ जुलै १९९८ रोजी जुन्या धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी, १ जुलै २०१८ या दिवशी, शेजारच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या लहानशा आदिवासी गावात पाच माणसांना जमावाने ठेचून ठार मारले. साक्री तालुका धुळे जिल्ह्यात असला, तरी लोकसभेसाठी तो नंदुरबार मतदारसंघातच येतो. नवापूर आणि साक्री यांच्यात सोयरिकी होतात, एकाच आठवडे बाजारात दोन्हीकडची माणसे भेटतात. त्यामुळे राईनपाड्याची घटना ‘पलीकडची’ म्हणून नंदुरबारला बाजूला सारता येणार नाही.

मारले गेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होते. दारोदार भिक्षा मागून पोट भरण्यासाठी मंगळवेढ्याच्या परिसरातून ही माणसे खानदेशात आली होती. नाथांचे नाव घेत गावोगाव फिरणारा गोसावी महाराष्ट्राला नवा नाही. पिढ्यान् पिढ्या गावाने त्याला पसाभर धान्य दिले आणि त्याने गावाला आशीर्वाद दिला. त्या रविवारी राईनपाड्याचा बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही भ्रमणध्वनीवरून फिरणारी वार्ता आधीच बाजाराच्या डोक्यात शिरली होती. अनोळखी माणसे दिसली, कोणी तरी ओरडले, गर्दी जमली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. जी वास्तू गावाचा विचार करण्यासाठी बांधली गेली, तीच गावाच्या अविचाराची जागा ठरली. मारणारे आणि मरणारे दोघेही समाजाच्या शेवटच्या पायरीवरचे होते. त्यांच्यात ना वैर होते, ना जमिनीचा वाद, ना धर्माचा. त्यांच्यामध्ये उभा होता तो फक्त एक खोटा शब्द.

हा शब्द कसा तयार होतो, हे समजून घेतले पाहिजे. त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती. दुचाकीवरून आलेले दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून पळ काढतात, असे तिच्यात दिसे. मुळात ती कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली फीत होती. तेच दुचाकीस्वार मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात, असा तिचा शेवट होता. कोणी तरी तो शेवट कापून टाकला. उरलेल्या तुकड्यात खोटे असे एकही दृश्य नव्हते. खोटेपणा होता तो कापलेल्या भागात. आजच्या सार्वजनिक चर्चेतील बहुतेक विष याच पद्धतीने तयार होते. भाषणातील अर्धे वाक्य, घटनेतील अर्धा प्रसंग, छायाचित्रातील अर्धी चौकट! संपूर्ण असत्यापेक्षा कापलेले सत्य अधिक घातक असते, कारण ते पुढे पाठवणाऱ्याला आपण खोटे बोलत आहोत याची टोचणीसुद्धा लागत नाही.

घटनेनंतर उपाय झाले. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडीच्या हत्यांसंदर्भात निकाल देऊन प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण उमटू लागली. हे सारे आवश्यकच होते. परंतु यंत्राला लगाम घातला म्हणून जिभेला लगाम बसत नाही. जो पाच जणांना विष पाठवू इच्छितो, त्याला ती मर्यादा पुरेशी आहे. खरा प्रश्न यंत्राचा नसून ‘थांबा, आधी विचारू या’ असे म्हणणाऱ्या माणसाचा आहे. राईनपाड्याच्या बाजारात तो आवाज एक तर उमटला नाही, किंवा उमटला असेल तर गर्दीत बुडून गेला.

असा आवाज उमटला तर काय होते, याचे उदाहरण त्याच दिवशी फार दूर नसलेल्या मालेगावात घडले. तीच अफवा, तशीच गर्दी, तसेच भिक्षा मागणारे परके लोक. घेरल्या गेलेल्या पाच जणांत दोन वर्षांचे मूलही होते. पण तेथील काही रहिवाशांनी त्यांना घरात आसरा दिला आणि पोलिसांनी जमाव पांगवून त्यांची सुटका केली. मालेगावचे नाव दंगलींच्या बातम्यांतच वाचण्याची सवय झालेल्यांनी हा प्रसंग मुद्दाम लक्षात ठेवावा. मालेगावात पाच जीव वाचले आणि राईनपाड्यात पाच गेले. हा फरक शिक्षणाचा किंवा संपत्तीचा नव्हता. दारात उभे राहून गर्दीला ‘नाही’ म्हणणारे चार लोक वेळेवर मिळाले की नाही, इतकाच तो फरक होता.

दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० रोजी, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे हाच प्रकार पुन्हा घडला. टाळेबंदीच्या काळात गुरूंच्या अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेल्या दोन साधूंना आणि त्यांच्या वाहनचालकाला जमावाने ठार मारले. पोलिसांसमक्ष घडलेल्या त्या हत्याकांडाची दृश्ये पाहून देशभरातील श्रद्धावान मनांना जी वेदना झाली, ती आजही शमलेली नाही. तो संताप रास्त होता आणि न्यायाची मागणीही रास्त होती. परंतु त्या संतापाच्या लाटेवर मारेकऱ्यांच्या धर्माविषयीही वाटेल त्या गोष्टी समाजमाध्यमांवर पसरवल्या गेल्या. अखेर राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या एकशे एक जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नसल्याचे सांगावे लागले. याचा परिणाम काय झाला? साधूंना वाचवण्यात पोलीस का अपयशी ठरले, चोरांच्या अफवांनी तो परिसर आठवडाभर धुमसत असताना प्रशासन काय करीत होते, हे खरे प्रश्न मागे पडले आणि चर्चा खोट्या दाव्यांच्या खंडनमंडनात अडकली. अफवेने साधूंचा बळी घेतला आणि दुसऱ्या अफवेने त्यांच्या न्यायाच्या मागणीची धार बोथट केली. आपल्या बाजूने पसरवलेले असत्य आपल्याच बाजूचे सर्वाधिक नुकसान करते, याहून ढळढळीत पुरावा कोणता हवा?

अफवा हा अडाणी, दुर्गम भागातील लोकांचा दोष आहे, असे मानून शहरी सुशिक्षित वर्ग स्वतःची सुटका करून घेतो. २०११च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती, त्यात जवळजवळ सत्तर टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते आणि साक्षरता सुमारे चौसष्ट टक्के होती. हे आकडे दाखवून ‘तिकडे असेच चालायचे’ म्हणणे सोपे आहे. पण कापलेली चित्रफीत सातपुड्याच्या पाड्यावर तयार होत नाही. ती शहरातील सुस्थित घरांतून, पदवीधरांच्या हातांतून, नातेवाइकांच्या आणि गृहसंकुलांच्या गटांतून खाली झिरपत जाते. धडगावच्या डोंगरातील माणूस त्या साखळीतील शेवटचा दुवा असतो. कायद्याच्या कचाट्यात मात्र पहिला तोच सापडतो. संदेश पुढे ढकलून रात्री शांत झोपणाऱ्याचे नाव कोणत्याही आरोपपत्रात येत नाही.

राजकीय चर्चेचेही तेच झाले आहे. विरोधी मताच्या माणसासाठी हिणकस टोपणनावे तयार झाली आहेत. कोणत्याही थोर पुरुषाच्या नावावर त्याने कधीही न उच्चारलेली वाक्ये खपवली जातात. प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरतो आणि उत्तर देणारा विकला गेलेला. हे केवळ एकाच बाजूने होते असे नाही. पण ‘ते करतात म्हणून आम्हीही’ हा युक्तिवाद ज्यांना संस्कारांचा अभिमान आहे त्यांना शोभणारा नाही. संस्कारांची परीक्षा मित्रांशी बोलताना होत नसते. ती विरोधकाशी बोलताना होते.

नंदुरबारच्या राजकारणानेच या बाबतीत एक धडा दिलेला आहे. माणिकराव गावीत या मतदारसंघातून नऊ वेळा लोकसभेवर निवडून गेले. २०१४ मध्ये येथील मतदारांनी काँग्रेसचा तो गड भारतीय जनता पक्षाकडे दिला, २०१९ मध्ये तो कौल कायम ठेवला आणि २०२४ मध्ये पुन्हा काँग्रेसला निवडून दिले. म्हणजे जो शेतकरी काल एका चिन्हापुढील बटण दाबत होता, त्याने आज दुसरे दाबले आणि उद्या तो पुन्हा मत बदलू शकतो. अशा मतदाराला शत्रू म्हणणाऱ्या कार्यकर्त्याने पुढच्या निवडणुकीत त्याच्या दारात कोणत्या तोंडाने जायचे? निवडणूक पाच वर्षांनी येते. विहीर, बांध, लग्न आणि मयत मात्र रोजच्या शेजाराच्या गोष्टी आहेत.

याच जिल्ह्यात नर्मदेचा वाद अनेक दशके धगधगत राहिला. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील तेहतीस गावे बाधित झाली. धरण हवे की नको, यावर प्रामाणिक मतभेद होते आणि आहेत. कोरडवाहू शेतीला पाणी मिळावे असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता आणि पिढीजात जमीन पाण्याखाली जाताना पाहणाऱ्यांचे दुःखही खोटे नव्हते. तरीही एका बाजूला ‘विकासविरोधी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘आदिवासीद्रोही’ असे शिक्के मारण्यातच कितीतरी शक्ती खर्ची पडली. मणिबेलीच्या माणसाचा प्रश्न मात्र अगदी साधा होता. त्याची जमीन किती बुडाली आणि तिच्या बदल्यात कोठे व किती मिळणार? या प्रश्नाचे उत्तर घोषणांनी मिळत नाही. ते मोजणीने, कागदपत्रांनी आणि समोरासमोर बसून मिळते. धरणाला पाठिंबा असणारा माणूसही विस्थापितांची गणना खरी व्हावी, असा आग्रह धरू शकतो. किंबहुना त्यानेच तो आधी धरायला हवा. मवाळ आवाज म्हणतात तो हाच. स्वतःच्या मतावर ठाम राहून दुसऱ्याच्या सत्याला जागा देणारा.

‘मवाळ’ या शब्दाला मराठीत उगाचच बोटचेपेपणाचा वास चिकटला आहे. मवाळपणा म्हणजे मत नसणे नव्हे आणि दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे बरोबर ठरवण्याचा हिशेबही नव्हे. आपल्या शास्त्रपरंपरेने या विषयाचा फार सूक्ष्म विचार केलेला आहे. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता दुसऱ्याचे फक्त खंडन करते ती वितंडा. त्याचबरोबर आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, त्याच्या सर्वांत भक्कम स्वरूपात मांडावे आणि मगच उत्तरपक्ष सांगावा, हा दंडक होता. आज परंपरेचा जयघोष उच्चरवाने करणाऱ्यांपैकी किती जण प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडू शकतील? वितंडेलाच वाद समजण्याची सवय जडलेल्या समाजाने स्वतःला शास्त्रार्थाचा वारसदार म्हणवून घेणे अवघड आहे.

मराठी सार्वजनिक जीवनही एके काळी याहून सौम्य होते असे नाही. गोपाळ गणेश आगरकरांची त्यांच्या हयातीत पुण्यात प्रेतयात्रा काढण्यात आली होती. संमतिवयाच्या प्रश्नावर टिळक आणि आगरकर यांच्यात झालेला संघर्ष बोचरा होता आणि मैत्री तुटण्याइतका खोल होता. परंतु १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच. पुढे १९१५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले निवर्तले तेव्हा त्यांच्या चितेजवळ उभे राहून त्यांचा गौरव करणारे टिळकच होते. १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर अटलबिहारी वाजपेयींनी राज्यसभेत वाहिलेली आदरांजली आजही आवर्जून आठवली जाते. १९९४ मध्ये त्याच वाजपेयींना, ते विरोधी पक्षात असताना, पंतप्रधान नरसिंह राव यांनी जिनिव्हा येथे भारताचे शिष्टमंडळ घेऊन पाठवले. यांपैकी कोणीही आपले मत पातळ केले नव्हते. त्यांनी मतभेद आणि माणूस यांची गल्लत होऊ दिली नाही, एवढेच.

पण नंदुरबारला यासाठी पुण्याकडे किंवा दिल्लीकडे पाहण्याचीही आवश्यकता नाही. तळोदा तालुक्यातील मोरवड-रंजनपूर येथे गुलाम महाराज नावाचे एक भिल्ल संतपुरुष होऊन गेले. १९३८च्या सुमारास त्यांच्या सोमवारच्या आरतीला सातपुड्याच्या कडेकपारीतून हजारो माणसे येत. दारू सोडा, स्वच्छ राहा, अशी त्यांची साधी शिकवण होती. त्यांच्या निधनानंतर बंधू रामदास महाराजांनी ते कार्य पुढे चालवले. या पंथाची ओळख ठरली ती एका शब्दाने. एकमेकांना ‘आप’ म्हणून आदराने संबोधावे आणि भेटताच ‘आप की जय’ म्हणावे! ज्या समाजाला सावकार, जमीनदार आणि सरकारी अंमलदार सरसकट ‘अरे-तुरे’ करीत, त्या समाजाने आपापसांत ‘आप’ म्हणण्यास प्रारंभ केला, ही केवढी मोठी क्रांती होती! या घोषात स्वतःचा जय नाही. तो समोरच्याचा जय आहे. ज्याला शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही, अशा वनवासी बांधवाने सभ्य संवादाचा पाया दोन अक्षरी शब्दात सांगून ठेवला. पदव्यांच्या भेंडोळ्या मिरवणाऱ्यांना तो अजून उमगायचा आहे.

तीच गोष्ट वारकऱ्यांची. वारीत भेटणारे दोघे एकमेकांच्या पायांना हात लावतात, मग वय आणि जात काहीही असो. ज्ञानेश्वर माउलींच्या पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांचा वाकडेपणा गळून पडावा, असे मागणे आहे. हे मागणे दुबळ्याचे नव्हे. ज्याचा स्वतःच्या सत्यावर विश्वास असतो, तोच समोरच्याच्या परिवर्तनाची अपेक्षा ठेवू शकतो.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. समोरचा आक्रमक असताना संयमाने काय साधणार? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. अन्यायाला अन्याय म्हणताना आवाज चढला तर त्यात गैर काहीच नाही. परंतु चढलेला आवाज आणि सुटलेला तोल यांत अंतर आहे. कठोर शब्द सत्य असू शकतो आणि गोड शब्द असत्य असू शकतो. कसोटी आवाजाची नसून तीन प्रश्नांची आहे. सांगितले ते पडताळलेले आहे का? ते सांगणारा स्वतःच्या नावानिशी त्याची जबाबदारी घेईल का? आणि ते त्या माणसाच्या तोंडावर, त्याच्या अंगणात उभे राहून सांगता येईल का? या तिन्हींची उत्तरे ‘होय’ असतील, तर शब्द कितीही धारदार असला तरी तो सभ्य आहे. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर नमस्काराने सुरू झालेला संदेशही असभ्यच होय.

धैर्याविषयीही पुन्हा विचार व्हायला हवा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या रस्त्यावर बाल शिरीषकुमार मेहता आणि त्याचे साथीदार इंग्रजांच्या बंदुकांपुढे उभे राहिले आणि गोळ्या झेलून हुतात्मा झाले. परक्या सत्तेपुढे छाती काढणारे ते शौर्य वंदनीय आहेच. पण आपल्याच माणसांच्या गर्दीपुढे, आपल्याच भाषेत, ‘हे चुकीचे आहे’ म्हणणे याला वेगळे धैर्य लागते. त्याला टाळ्या मिळत नाहीत. ‘तू कोणाच्या बाजूचा?’ हा प्रश्न मात्र हमखास मिळतो. गडचिंचल्यात गावच्या सरपंच महिलेने जमावाला थोपवण्याचा प्रयत्न केल्याचे सांगितले. तिच्या मागे आणखी दहा माणसे उभी असती तर? प्रत्येक झुंडीत मनातून अस्वस्थ असणारे लोक असतातच. त्यांना हवा असतो तो पहिला आवाज.

असा आवाज आकाशातून पडत नाही. तो आधीपासून तयार ठेवावा लागतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तर त्याची रचना अगदी स्पष्ट दिसते. मराठीतील सरकारी आवाहन पाड्यावर पोहोचेपर्यंत अफवा भिलोरीत, पावरीत, मावचीत आणि अहिराणीत फिरून आलेली असते. म्हणून खुलासाही त्याच बोलीत आणि ओळखीच्या तोंडून गेला पाहिजे. शिक्षक, पोलीस पाटील, सरपंच, आशा कार्यकर्त्या, भजनी मंडळी आणि बाजारातील व्यापारी यांची एकमेकांशी ओळख असेल, तर परक्या माणसाला पाहून ‘धरा’ म्हणण्याऐवजी ‘बसा, पाणी घ्या, कुठून आलात?’ असे विचारणारे कोणी तरी असेल. भटक्या समाजातील बांधव गावात येणार असल्याची वार्ता आधी पोहोचवणे हेही काम कोणी तरी केले पाहिजे. शहादा तालुक्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिली आधार ओळखपत्रे देण्यात आली. ओळख पटवण्याची यंत्रणा याच जिल्ह्यातून सुरू झाली. पण जमावापुढे कोणतेही ओळखपत्र चालत नाही. तेथे चालते ती माणसाने माणसाची घेतलेली ओळख.

आणि ज्यांच्या घरात हा अंक वाचला जातो, त्या कार्यकर्त्यांचे आणि कुटुंबांचे काय? त्यांच्या वाट्याचे काम सोपे वाटते, पण तेच सर्वांत कठीण आहे. विरोधकाचे असत्य उघडे पाडायला उत्साह पुष्कळ असतो. आपल्या गटात, आपल्या वडीलधाऱ्याने, आपल्या पदाधिकाऱ्याने पाठवलेला संदेश खोटा निघाला, तर नम्रपणे पण सर्वांसमक्ष तसे सांगण्याची तयारी हवी. ज्या ठिकाणी चुकीचे पाठवले, त्याच ठिकाणी दुरुस्तीही पाठवली पाहिजे. शिस्तीचा अभिमान बाळगणाऱ्या संघटनेला शब्दांची शिस्त वर्ज्य असू शकत नाही. सज्जनशक्ती सज्जनशक्ती म्हणतात ती सभागृहात बसून वाढत नाही. संदेश पुढे ढकलण्यापूर्वी थबकलेल्या अंगठ्यातही ती असते.

राईनपाड्याचे पाच जीव परत येणार नाहीत. त्यांच्या मृत्यूला काही अर्थ द्यायचा असेल, तर तो केवळ आरोपींना होणाऱ्या शिक्षेतून मिळणार नाही. पुढच्या वेळी कोणा गावाच्या वेशीवर एखादा गोसावी येईल. त्याला पाहून संशयाची पहिली कुजबुज सुरू होईल, तेव्हा गर्दीतून एक माणूस पुढे होईल आणि त्या परक्याला ‘आप’ म्हणेल, तर ते सार्थक ठरेल. सातपुड्याच्या या मातीला तो शब्द नव्याने शिकवण्याची गरज नाही. तो तिने ऐंशी वर्षांहून अधिक काळ जपलेला आहे. गरज आहे ती इतरांनी तो तिच्याकडून शिकण्याची.